जरठ अरण्य आणि दोन पात्रांची गोष्ट

कॅनडाच्या पंचवीस सेंटच्या नाण्यावर १९३७ सालापासून कॅरिबूचे शिंगांसह मस्तक कोरलेले आहे. ‘कॅरिबू’ हा शब्द मूळचा अटलांटिक किनाऱ्यावरील मिगमॉ लोकांच्या भाषेतला. खुराने बर्फ उकरणारा असा त्याचा अर्थ, आणि तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. युरोपात ज्याला रेनडिअर म्हणतात तोच हा प्राणी. प्राणिशास्त्राच्या लेखी जात एकच. देशातल्या प्रत्येक खिशात खुळखुळणारे हे जनावर त्या देशाच्या दक्षिणेकडील अरण्यांतून मात्र कळपाकळपाने नाहीसे होत आले आहे. त्याचा इतिहास ज्यांनी ज्यांनी सांगितला त्यांनी तो बहुधा दोन पात्रांची गोष्ट म्हणून सांगितला: एक लांडगा, एक कॅरिबू. अरण्य त्या गोष्टीत होते, पण नेपथ्य म्हणून. आम्ही दोघे साहित्याचे अध्यापक. वनशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु एखाद्या कथेत मुख्य पात्रच नेपथ्यात ढकलले गेले असेल तर ते ओळखणे हे आमच्या व्यवसायाचे काम आहे, आणि तेवढ्याच अधिकाराने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम साहित्याकडे पाहू. प्राणिकथा हा कॅनडाच्या इंग्रजी वाङ्मयाचा जवळजवळ स्वतःचा म्हणता येईल असा प्रकार. अर्नेस्ट थॉम्प्सन सीटन यांचा ‘वाइल्ड अ‍ॅनिमल्स आय हॅव नोन’ हा संग्रह १८९८ चा, चार्ल्स जी. डी. रॉबर्ट्स यांच्या कथा त्याच काळातल्या. मार्गारेट अ‍ॅटवूड यांनी ‘सर्व्हायव्हल’ (१९७२) या समीक्षाग्रंथात या कथांतील प्राणी हे बळी म्हणून येतात असे दाखवून त्या प्रकरणाला तसे नावच दिले. कथेतल्या लांडग्याला अशी सहानुभूती मिळत असताना प्रत्यक्षातल्या लांडग्याच्या वाट्याला मात्र बक्षिसाची रक्कम, सापळा आणि विष येत होते. १९५० च्या दशकात कॅनडात लांडग्यांवर विषप्रयोगाच्या मोठ्या सरकारी मोहिमा झाल्या. उत्तरेकडे कॅरिबू घटत आहेत हे त्यांचे एक कारण होते, अल्बर्टात रेबीजची भीती हे दुसरे.

या पार्श्वभूमीवर १९६३ साली फार्ली मोवॅट यांचे ‘नेव्हर क्राय वुल्फ’ आले. सरकारी नोकरीत उत्तरेकडे पाठवलेला एक तरुण लांडग्यांच्या बिळाशेजारी राहतो आणि त्याला कळते की लांडगा हा क्रूरकर्मा नसून उंदरांवर गुजराण करणारा, दुबळे कॅरिबू तेवढे वेचणारा, कुटुंबवत्सल प्राणी आहे. पुस्तक अफाट खपले. १९८३ साली त्यावर चित्रपट निघाला. लांडग्याविषयीचे लोकमत एका पुस्तकाने बदलल्याचे इतके ठळक उदाहरण वाङ्मयेतिहासात क्वचितच सापडेल. शास्त्रज्ञ मात्र संतापले. वन्यजीव विभागातील फ्रँक बॅनफील्ड यांनी १९६४ साली परीक्षण लिहून या पुस्तकाची लाल टोपीवालीच्या परीकथेशी तुलना केली. दोन्हींतील सत्यांश सारखाच, असा त्यांचा अभिप्राय होता. पुढे १९९६ साली ‘सॅटर्डे नाइट’ मासिकात जॉन गोडार्ड यांनी मोवॅट यांच्या आर्क्टिक लेखनातील कल्पिताचा पाढाच वाचला. मोवॅट २०१४ साली वारले, वाद उरला.

वर्गात या पुस्तकाची चर्चा निघाली की ती ‘खरे किती, खोटे किती’ येथेच घुटमळते. आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. मोवॅट यांनी खलनायकाला नायक केले, पण नाटक तेच ठेवले. पात्रे पुन्हा दोनच. आणि त्यांचे रंगस्थळ होते वृक्षरेषेच्या आसपासचा आणि तिच्यापलीकडचा उघडा मुलूख, जेथे कॅरिबू प्रचंड कळपांनी स्थलांतर करतात. अरण्यातला कॅरिबू हा निराळाच गृहस्थ आहे. तो विरळ राहतो, फारसा दूर जात नाही, आणि त्याचे भवितव्य झाडांच्या वयावर अवलंबून असते. झाडेच नसलेल्या प्रदेशातून आलेल्या प्रतिमा घेऊन एका समाजाने आपल्या अरण्याविषयी दीर्घकाळ विचार केला, हे आम्हाला मोवॅट यांच्या कल्पितापेक्षा गंभीर वाटते.

अरण्यातल्या कॅरिबूची जगण्याची कला थोडक्यात सांगायची तर ती गैरहजेरीची कला आहे. जेथे इतर खूरवाल्या प्राण्यांना खायला काही नाही तेथे हा राहतो. जुन्या सूचिपर्णी अरण्यात, दलदलीत, पालापाचोळ्याऐवजी दगडफुलांनी झाकलेल्या जमिनीवर. आमच्याकडे गोडा मसाल्यात पडणारे दगडफूल ज्या शैवाक वर्गातले, त्याच वर्गाची ही अन्ने. हिवाळाभर कॅरिबू प्रामुख्याने त्यांवर काढतो. अन्न निकृष्ट, पण तेथे दुसरा कोणी फिरकत नाही, म्हणून लांडग्यालाही तेथे येण्यात हशील नसते. मादीला वर्षाला एकच पाडस होते आणि विण्याच्या वेळी ती कळपापासून दूर, एकटी जाते. ब्रिटिश कोलंबियाच्या पर्वतांतील कॅरिबूंनी तर या कलेची परिसीमा गाठली आहे. हिवाळ्याच्या उत्तरार्धात इतर प्राणी बर्फाला भिऊन खाली दऱ्यांत उतरतात, तेव्हा हे वर चढतात. रुंद खुरांमुळे ते घट्ट झालेल्या बर्फावरून चालू शकतात, आणि दोन-चार मीटर साचलेले बर्फ त्यांना शिडीसारखे उपयोगी पडते: जुन्या झाडांच्या फांद्यांवरून दाढीसारखी लोंबणारी दगडफुले त्यांच्या तोंडाशी येतात. ही दगडफुले मुबलक मिळतात ती सव्वाशे-दीडशे वर्षांच्या अरण्यात. कोवळ्या झाडांवर ती असून नसल्यासारखी.

आता या वयाच्या अरण्याला वनव्यवस्थापनाच्या परिभाषेत काय म्हणत असत ते पाहावे. ‘ओव्हरमॅच्युअर’ म्हणजे अतिपक्व. आणि त्याहून पुढे गेलेले ते ‘डेकाडंट’. आमच्या विद्यार्थ्यांना हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या फ्रेंच कवींमुळे परिचित आहे. वनाधिकाऱ्यांच्या नोंदींत तो लाकडाची वाढ थांबलेल्या, कुजू लागलेल्या, अतएव लवकरात लवकर तोडून टाकण्याजोग्या अरण्यासाठी येतो. मराठीत आम्ही ‘जरठ’ म्हणू. या एका विशेषणात सगळे धोरण सामावलेले आहे. झाडाचे मोल म्हणजे दरवर्षी वाढणारे लाकूड असे एकदा ठरले की वाढ थांबलेले झाड हा दोष ठरतो, आणि वार्धक्य हाच गुन्हा.

या विचाराचे घराणे मोठे आहे आणि त्याची एक शाखा आपल्याही अंगणातून गेलेली आहे. अरण्याचे भाग पाडावेत, ठरावीक आवर्तनाने एकेक भाग तोडावा, म्हणजे उत्पन्न अखंड राहील, ही जर्मन वनशास्त्राची शिकवण. डिट्रिश ब्रँडिस हे जर्मन गृहस्थ १८६४ साली हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. आमच्याकडच्या जंगलात ‘कूप’ हा शब्द आजही याच पद्धतीची आठवण देतो. अमेरिकेचा आद्य वनाधिकारी गिफर्ड पिंशो तरुणपणी याच ब्रँडिस यांच्या मार्गदर्शनाखाली शिकला. ब्रिटिश कोलंबियात न्यायमूर्ती गॉर्डन स्लोन यांच्या आयोगाने १९४५ च्या अहवालात अखंड उत्पन्नाचे तत्त्व पुरस्कारले आणि १९४७ साली कायदा त्यानुसार बदलला गेला. उद्देश वाईट नव्हता. बेबंद तोड थांबवून शिस्त आणणे हाच होता. परंतु साधारण ऐंशी-शंभर वर्षांच्या आवर्तनाने तोडले जाणारे अरण्य शिस्तीत तोडले तरी सव्वाशे वर्षांचे कधीच होत नाही. कॅरिबूचे अन्न यायच्या आधीच कुऱ्हाड येते.

अन्न गेले म्हणून कॅरिबू उपाशी मेला, इतके हे सरळ असते तर प्रश्न लवकर उलगडला असता. बराच काळ तज्ज्ञांचेही तेच मत होते: आगी आणि तोड यांनी दगडफुले नष्ट झाली, म्हणून कॅरिबू घटले. न्यूफाउंडलंडमध्ये अनेक वर्षे काम केलेल्या टॉम बर्गेरुड यांनी १९७४ साली या मताला आव्हान दिले. वसाहतीनंतर कॅरिबू घटले ते मुख्यतः शिकार आणि भक्षण यांमुळे, भुकेने नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९९२ साली डेल साइप यांनी आग्नेय ब्रिटिश कोलंबियातील दोन कळपांची तुलना प्रसिद्ध केली. वेल्स ग्रे येथील कॅरिबू उन्हाळ्यात लांडगे आणि मूस यांच्यापासून दूर, दुर्गम पर्वतात निघून जात. क्वेनेल सरोवराजवळच्या कॅरिबूंना तशी फारकत साधत नव्हती. दुसऱ्या कळपातील कॅरिबूंना लांडगे मारत होते आणि तो कळप घटत होता.

या तुलनेत तिसरे पात्र, मूस, प्रथमच ठळकपणे रंगमंचावर येते. मूस म्हणजे घोड्याहून थोराड असे हरीण. ब्रिटिश कोलंबियाच्या दक्षिण भागात ते विसाव्या शतकातच पसरले. सरसकट तोड झाली की उघड्या पडलेल्या जमिनीवर सूर्यप्रकाश पोहोचतो, वाळुंज, अस्पेन, झुडपे फोफावतात, आणि मूसला मेजवानी मिळते. मूसच्या मादीला जुळी पाडसे होणे सामान्य गोष्ट आहे. मूस वाढले की त्यांच्यावर जगणारे लांडगे वाढतात. अल्बर्टात हीच भूमिका पांढऱ्या शेपटीच्या हरणांनीही बजावली. लांडग्याचे पोट कॅरिबूवर चालत नाही; कॅरिबू त्याला वाटेत भेटतो, इतकेच. मूस कितीही मारले गेले तरी भराभर विणारी ती जात तग धरते. वर्षाला एक पाडस देणाऱ्या कॅरिबूला ही ‘वाटेतली भेट’ परवडत नाही. आणि कॅरिबू विरळ झाले म्हणून लांडगे उपाशी पडून कमी होतील म्हणावे, तर तेही नाही, कारण त्यांचे ताट मूसने भरलेले असते. रॉबर्ट होल्ट यांनी १९७७ साली अशा संबंधाचे जे सैद्धांतिक विवेचन केले त्याला मराठीत ‘भासमान स्पर्धा’ म्हणता येईल. मूस आणि कॅरिबू एकमेकांच्या घासातले काही खात नाहीत; तरी लांडग्याच्या मध्यस्थीने एकाची भरभराट दुसऱ्याचा घात करते.

म्हणजे बर्गेरुड यांचे म्हणणे आणि जुने मत यांत वाटतो तितका विरोध नाही. मारतो लांडगाच; पण त्याला तेथवर आणून सोडते ती तोड. आमच्या वाचनाप्रमाणे सरकारदरबारी या विधानाचे पहिले अर्धे वाक्य मोठ्याने ऐकले गेले आणि उत्तरार्ध फायलीत राहिला. पहिल्या अर्ध्यासाठी बंदूक पुरते. दुसऱ्यासाठी परवाने नाकारावे लागतात.

‘आणून सोडते’ हे शब्द अक्षरशः घ्यावेत. १९४७ साली अल्बर्टात लेडुक येथे तेल सापडल्यानंतर भूगर्भाच्या चाचणीसाठी अरण्यातून सरळ रेषेत पट्टे तोडण्यात आले. नकाशावर ते कोणी पट्टी घेऊन आखल्यासारखे दिसतात, कारण ते तसेच आखलेले होते. त्यांत लाकूड-कंपन्यांच्या रस्त्यांची भर पडली. गळ्यात संकेतपट्टे अडकवलेल्या लांडग्यांच्या अभ्यासातून दिसले आहे की या पट्ट्यांवरून लांडगा दाट अरण्यातल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट वेगाने चालतो. दलदलीने वेढलेली जी जागा कॅरिबूला अभेद्य वाटत होती तिच्या मधोमध आता हमरस्ता होता. दशके लोटली तरी असे अनेक पट्टे पुन्हा भरून आलेले नाहीत.

लांडगा वगळला तर काय होते, याचे उत्तर क्वेबेकच्या गॅस्पे द्वीपकल्पावर मिळते. तेथून लांडगे एकोणिसाव्या शतकातच संपले. तरी तेथील कॅरिबू घटत घटत मूठभर उरले, कारण आसपासच्या तोडलेल्या अरण्यांत काळी अस्वले माजली आणि नव्याने आलेले कोयोटी स्थिरावले. पाडसांची शिकार त्यांनी केली. खलनायकाची भूमिका रिकामी राहत नाही. रंगमंच तसा बांधलेला असला की नट मिळतो. जॅस्परचे राष्ट्रीय उद्यान हे आणखी एक उदाहरण. तेथे तोड नव्हती, परंतु १९२० साली बाहेरून एल्क हरणे आणून सोडली आणि १९५९ पर्यंत भक्षकांना मारण्याचे धोरण चालवले. एल्क बेसुमार झाले; भक्षकांना मारणे थांबताच लांडग्यांना तयार ताट मिळाले. जॅस्परमधील मॅलाइन खोऱ्याचा कळप २०२० साली नामशेष म्हणून जाहीर झाला.

२००२ साली कॅनडाने संकटग्रस्त प्रजातींसाठी कायदा केला आणि पुढच्या वर्षी बोरिअल अरण्यातील कॅरिबूची त्यात नोंद झाली. त्याच्या पुनर्वसनाची केंद्र सरकारी योजना मात्र २०१२ उजाडल्यावर आली. कळपाच्या क्षेत्रापैकी किमान ६५ टक्के भाग अबाधित असावा, असे तीत म्हटले आहे. आणि एवढे केल्यावर कळप स्वबळावर टिकण्याची शक्यता ६० टक्के. म्हणजे हे आदर्श नव्हे, जुगारातला त्यातल्या त्यात बरा डाव. याच दस्तऐवजात पश्चिम अल्बर्टातील लिटल स्मोकी कळपाच्या क्षेत्रापैकी ९५ टक्के भाग बाधित असल्याची नोंद आहे. तेथे २००५ च्या हिवाळ्यापासून लांडग्यांना हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालण्यास आणि स्ट्रिक्निनचे विषारी आमिष ठेवण्यास सुरुवात झाली होती. सात हिवाळ्यांत आठशेहून अधिक लांडगे मारले गेले. आमिषाला इतर प्राणीही बळी पडले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की कळपाची घट थांबली, तो स्थिरावला. वाढू लागला नाही. त्याच काळात त्याच क्षेत्रात तोड आणि तेल-वायूची कामे चालू होती.

येथे आम्हा दोघांत मतभेद आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. आमच्यापैकी एकाला ही हत्या असमर्थनीय वाटते: ज्याने अरण्य बदलले तो परवानाधारक मोकळा आणि बदललेल्या अरण्यात लांडग्यासारखा वागणारा लांडगा दोषी, हा न्याय नव्हे. दुसऱ्याचे म्हणणे, न्यायाचा विचार करायला कॅरिबू उरले तर पाहिजेत. सुपीरियर सरोवरातील मिशिपिकोटन बेटाचे उदाहरण तो देतो. लांडगे नसलेल्या त्या बेटावर १९८० च्या दशकात सोडलेले थोडे कॅरिबू वाढून शेकड्यांत गेले. २०१४ च्या हिवाळ्यात सरोवर गोठले, काही लांडगे बर्फावरून चालत आले, आणि चार वर्षांत कॅरिबू इतके थोडे राहिले की जानेवारी २०१८ मध्ये उरलेल्यांपैकी काहींना हेलिकॉप्टरने दुसऱ्या बेटांवर न्यावे लागले. मोवॅट यांच्या उंदीरखाऊ लांडग्याने हे पाहिले असते तर त्यालाही अवघडल्यासारखे झाले असते. एका मुद्द्यावर मात्र आमचे एकमत आहे. तोड चालू ठेवून केलेली लांडग्यांची हत्या ही कॅरिबूसाठी नसते. ती तोडीसाठी असते. तिच्यामुळे कळप कागदावर जिवंत राहतो आणि परवाना देता येतो.

रेव्हलस्टोकजवळ २००३ पासून निराळा प्रयोग झाला. लांडग्यांना हात न लावता मूसच्या शिकारीची मुभा वाढवली. मूस घटले, मागोमाग लांडगे घटले, आणि मोठ्या कळपाची घसरण थांबली. लहान कळपांना मात्र फायदा झाला नाही.

याहून आम्हाला उल्लेखनीय वाटते ती ईशान्य ब्रिटिश कोलंबियातील क्लिन्सी-झा कळपाची हकिगत. हा वेस्ट मोबर्ली आणि सॉल्टो या आदिवासी समाजांचा प्रदेश. १९६० च्या दशकात तेथे बांधलेल्या प्रचंड धरणाने कॅरिबूची स्थलांतराची वाट बुडवली. मग तोड आणि खाणी आल्या. कॅरिबू कमी झाले तसे वेस्ट मोबर्लीच्या लोकांनी १९७० च्या दशकात स्वतःहून शिकार बंद केली. पुढे एका कोळसा खाणीविरुद्ध ते न्यायालयात गेले, आणि २०११ साली प्रांताच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८९९ च्या कराराने दिलेला शिकारीचा हक्क शिकार उरल्याशिवाय निरर्थक आहे, हा त्यांचा युक्तिवाद आम्हाला कायद्याइतकाच भाषेच्या अंगानेही बिनतोड वाटतो. २०१३ साली कळपात ३८ कॅरिबू होते. लांडग्यांची संख्या कमी करणे सुरू झाले आणि २०१४ पासून गाभण माद्यांना पर्वतावरील कुंपणात आणून, पाडसे थोडी मोठी होईपर्यंत पहाऱ्यात ठेवण्यात येऊ लागले. समाजातील माणसे त्यांच्यासाठी दगडफुले हाताने गोळा करून आणत. मराठीत याला माहेरपण हाच शब्द आहे. २०२१ साली कळप १०१ वर गेला होता. २०२० मध्ये या दोन समाजांनी केंद्र आणि प्रांत सरकारांशी करार केला. त्यात मोठा भूभाग तोडीपासून व खाणींपासून राखण्याचे ठरले.

त्याच प्रांताच्या दक्षिण टोकाला, अमेरिकेच्या सीमेवर, साउथ सेलकर्क कळप होता. २०१८ च्या गणनेत त्यात तीन माद्या दिसल्या. जानेवारी २०१९ मध्ये उरलेल्या एका मादीला पकडून उत्तरेला रेव्हलस्टोकजवळच्या कुंपणात नेले. तेव्हापासून अलास्का वगळता अमेरिकेत रानटी कॅरिबूचा कळप नाही. तिच्या मूळ प्रदेशात तोडलेले कूप आता पुन्हा हिरवे दिसतात. तोडीनंतर साधारण चाळीस वर्षांनी झाडांची छत्री मिटू लागते, झुडपे मागे हटतात आणि मूसचे ताट आखडते. दगडफुले मात्र आपल्याच गतीने येतात. १९७० साली तोडलेला कूप कोणी पुन्हा ‘जरठ’ ठरवून तोडला नाही, तर तो सव्वाशे वर्षांचा होईल २०९५ साली.